झाकण उचलणारे मामा

माझी पहिली भाकर त्यांनी खाल्ली नाही. कानाशी धरली आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवून पाहिली. मग ती माझ्या परातीत परत टाकून म्हणाले, "आतून ओली हाय. तू हे खाशील आन उद्या माया अंगणात पोट धरून बसशील. खोली पाह्यजे ना तुले? मंग दुसरी कर."

अमरावतीत डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून मी तीन भाकरी भाजल्या. तिसरी भाकर वाजली तेव्हा खोली मिळाली. मी मूळचा बाळापूरकडचा, विशीतला, दोन बुकं शिकलेला आणि तेवढ्या जोरावर एका कापसाच्या अडत्याकडे कारकून म्हणून चिकटलेला. बायको अजून माहेरीच होती. दूर समुद्रापलीकडे कोणाची तरी लढाई जुंपली होती, विलायतेला आमच्या वऱ्हाडाचा कापूस एकाएकी हवाहवासा झाला होता, आणि अमरावतीत माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या होत्या. कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत या गृहस्थाच्या पाच खोल्यांची ओळ होती. म्हणून त्यांची मिजास चालून गेली. एरवी असल्या अटीवर त्यांच्याकडे कोणी गाढवसुद्धा बांधलं नसतं.

आम्ही भाडेकरू त्यांना मामा म्हणत असू. हे तोंडावरचं नाव. पाठीमागे काय म्हणत असू ते लिहिण्यासारखं नाही. जातीनं कुणबी, गावाकडे काळ्या मातीची चांगली जमीन, ती पुतण्यांच्या हवाली करून हे इकडे येऊन बसलेले. लेक तीन वर्षांची असताना बायको वारली. दुसरं लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं की म्हणत, "दुसरी आली असती तं चूल तिच्या हाती गेली असती." पहिलीच्या आठवणीनं दुसरी न करणारा माणूस मी समजू शकतो. चुलीच्या ताब्यासाठी न करणारा मी हा एकच पाहिला.

आमच्याकडे भंडाऱ्याला, म्हणजे गावजेवणाला, शेतात गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजणं हे गड्यांचंच काम. त्यात कोणाला काही वाटत नाही. पण घरातल्या चुलीपुढे पाट घेऊन बसणारा, पीठ चाळणारा, भाकर थापणारा कुणबी दिसला की बायका तोंडाला पदर लावून हसत. मामांना ते हसणं कधी कळलंच नाही. आपली भाकर फुगते म्हणून या जळतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्यांची सगळ्यात घाणेरडी खोड म्हणजे झाकण उचलणं. भाडेकरूच्या खोलीत शिरताना खाकरणं नाही की हाक मारणं नाही. वहाणा दाराशी काढायच्या, सरळ चुलीपाशी जायचं आणि शिजत्या भांड्यावरचं झाकण उचलायचं. माझ्या शेजारच्या खोलीत एक मुसलमान मापारी राहत असे, अत्यंत सभ्य माणूस. तो एकदा हात जोडून म्हणाला, "मामा, कम से कम हमारी हंडी को तो बख्श दो." मामांनी त्याच्या हंडीत नाक घालून सांगितलं, "कांदा कच्चा हाय तुया, म्हणून आलो. वासानं कळलं मले बाहेर. लाल होऊ दे, मंग मसाला टाक." आणि झाकण ठेवून निघून गेले. मापाऱ्यानं कपाळावर हात मारला आणि मग, मी पाहिलं, कांदा आणखी थोडा परतला.

हाच तर संताप यायचा. माणूस चुकीचा असता तर आम्ही त्याला हाकलून तरी दिला असता.

माझी तुरीची डाळ काही केल्या शिजेना तेव्हाची गोष्ट सांगतो. सकाळपासून चूल फुंकून माझे डोळे लाल झालेले, डाळ तळाशी खड्यांसारखी पडलेली. मामा आले. झाकण उचललं.

"चिंच कवा टाकली?"

"सुरुवातीलाच."

"मंग आता होळीपर्यंत शिजव." एवढं बोलून ते दारापर्यंत गेले, तिथून परत फिरले, कारण सांगितल्याशिवाय त्यांच्या पोटात अन्न ठरत नसे. "डाळ आधी भिजव. शिजताना हळद आन तेलाचे चार थेंब, बस. मीठ आन चिंच कवा, तं दाणा बोटानं चिरडला का मंग. पाणी कमी पडलं तं कढत टाक. गार टाकलं का दाणा रुसते. शिकला कोठी रे तू?"

मी शाळेचं नाव सांगितलं. ते म्हणाले, तिथं चूल नसेल.

त्या दिवसापासून माझी डाळ अर्ध्या वेळात आणि अर्ध्या सरपणात शिजू लागली. मी त्यांचे आभार मानले नाहीत. आभार मानण्याची जागाच ते ठेवत नसत. पीठ शिळं असलं तर उकळत्या पाण्यानं मळायचं. एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं, कारण मळून ठेवलेला गोळा चिकटपणा सोडतो. तव्यावर टाकल्यावर वर फिरवलेलं पाणी सुकेपर्यंत उलटायची घाई करायची नाही. अंबाडीच्या पाल्याचं पहिलं पाणी ओतून द्यायचं. कढीला पहिली उकळी येईपर्यंत ढवळणं सोडायचं नाही आणि तिच्यावर झाकण ठेवायचं नाही. फोडणीत मोहरी तडतडली की भांडं खाली उतरवून मग तिखट घालायचं, म्हणजे तिखट जळत नाही आणि शेजारी खोकत नाहीत. हे सगळं मी आजही पाळतो. माझ्या सुना पाळतात. आणि यातलं एकेक वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून शिवीसारखं ऐकलेलं आहे.

समोरच्या घरातल्या बाईनं एकदा बोलता बोलता सांगितलं की भाजीत मीठ जास्त झालं तर कणकेचा गोळा सोडावा, तो मीठ शोषतो. मामा तिच्या ओट्यापाशी उभे राहून म्हणाले, "भाजी खारट ते खारटच राह्यते. कणीक मातर खारट होते. दोन वस्तू नासवाची हौस असन तं टाक." ती बाई पुढे वर्षभर आमच्या ओळीकडे तोंड करून बसली नाही. बिनमिठाची थोडी भाजी वेगळी शिजवून त्यात मिसळावी, हा खरा उपाय तिला नंतर मला जाऊन सांगावा लागला.

बाजारावर त्यांचा विशेष दात. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्यांचे, म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्यांचे, भारे गावात उदंड येत, आणि जो तो पऱ्हाट्यांच्या भडक्यावर सगळंच शिजवी. "पऱ्हाटीचा जाळ नुसता दिखाऊ," मामा म्हणत. "भाकरीले ठीक, वांगं भाजाले ठीक. डाळीले गोवरी पाह्यजे. हे सारं गाव पऱ्हाटीवर शिजून राह्यलं." वाऱ्यानं रुई उडून घराघरांत येई. लोक वरणातून रुईचा तंतू काढताना इतके खुशीत असत, जणू लक्ष्मीच पानात उतरली. मामांनी आम्हा पाचही खोल्यांच्या दारांना ओलं फडकं बांधायला लावलं होतं. येणाराजाणारा विचारी, कोणी आजारी आहे का. आमचं अन्न मात्र स्वच्छ असे, हे मला कबूल करावं लागतं.

पण त्यांचा खरा राग तुपावर होता.

वऱ्हाडात पाहुण्याच्या पानात रोडगा चुरला की त्यावर तूप वाढतात. पाहुण्यानं बस म्हणून हात आडवा धरायचा आणि वाढणाऱ्यानं त्या हातावरून धार सोडायची, हा रिवाज. हात ओला झाला की मान झाला. कापसाच्या त्या वर्षांत तर या मानाला ताळतंत्र उरलं नव्हतं. कालपर्यंत जवसाच्या तेलावर भागवणारे लोक पत्रावळीच्या काठावरून तूप जमिनीवर ओघळेपर्यंत ओतत आणि पाहुणा मनगटापर्यंत तुपकट होऊन घरी जाई. मामांना हे बघवत नसे. "रोडगा नीट भाजला तं एक पळी तूप पुरते," ते म्हणत. "जास्ती लागून राह्यलं म्हणजे रोडगा कच्चा हाय. आन खाणारा बस म्हणाला का हात थांबवा. त्याचं पोट त्याले ठाऊक."

हे त्यांनी लेकीला शिकवलं होतं. बाकी सगळ्यासारखंच पक्कं.

ती मुलगी अकोटकडच्या एका पाटलांच्या घरी दिली होती. शांत, कामाची, बापाचा हात तंतोतंत उचललेली, पण तोंड सुदैवानं न उचललेली. ती नांदायला गेली तेव्हा आम्हा भाडेकरूंना वाईट वाटलं, कारण मामांना आवरणारं घरात तेवढं एकच माणूस होतं. दसरा झाल्यावर पाटलांनी रोडग्यांची पंगत केली. कापसाचे दलाल, भाऊबंद, चार गावचे मानकरी. तूप वाढायला नव्या सुनेला पाठवलं. पहिल्या पानावरच्या म्हाताऱ्या पाहुण्यानं हात आडवा धरला, बस म्हटलं. ती थांबली आणि पुढच्या पानाकडे गेली. त्यानं बस म्हटलं. ती थांबली. अख्ख्या पंगतीत एकाचाही हात ओला झाला नाही. पाहुणे अर्धे रोडगे पानात टाकून उठले, आणि पाटलांच्या घरी पाहुण्यांना कोरडं उठवतात ही गोष्ट आठ दिवसांत तालुकाभर झाली.

दिवाळीला धाकटा दीर तिला माहेरी सोडून गेला. दिवाळी सरली, संक्रांत सरली, न्यायला कोणी आलं नाही.

ती विहिरीवर इतर बायकांच्या आधी, उजाडता उजाडता जाऊन येऊ लागली. एकदा मला अंगणात एकटं पाहून म्हणाली, "दादा, थे बस म्हणाले होते. मी आयकलं. मंग माहं चुकलं काय?" मी कारकून माणूस, मला कापसाच्या गाठी मोजता येतात. मी मामांकडे पाहिलं. ते आत बसून वांग्याला हात लावून हलकं कोणतं आणि जड कोणतं ते पारखत होते, कारण हलक्या वांग्यात बी कमी असतं. मला त्या क्षणी त्यांची आणि त्यांच्या वांग्यांची किळस आली.

पुढच्या महिन्यात अडत्याच्या कामानं मला अकोटला जावं लागलं. मी मुद्दाम पाटलांच्या ओसरीवर गेलो. कापसावर त्यांनी नवी माडी चढवली होती आणि तिच्याकडे माझं लक्ष जावं म्हणून ते तीनदा छताकडे बघून बोलले. माणूस दुष्ट नव्हता. दुखावलेला होता आणि थोडा मूर्ख होता.

"भाऊ, पोरगी वाईट नाही," ते म्हणाले. "पण मायं नाक गेलं. आता मी होऊन तिले आनाले जाऊ? लोक काय म्हणतील? व्याह्यानं जेवाले बोलवावं. चार लोकांत माया मान करावा. मंग त्याच पायी घेऊन येतो."

मी हे परत येऊन मामांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मान म्हणजे काय करायचं. मी म्हणालो, तूप. तुम्हाला ठाऊक आहे.

"माया चुलीवर त्याचं चालते काय? बस म्हणजे बस."

तेव्हा मी त्यांना बोलायचं ते सगळं बोललो. तुमचा रोडगा खरा आहे, तुमची डाळ खरी आहे, आणि त्या खरेपणाच्या पायात तुमची लेक दाराशी बसली आहे, असं म्हणालो. तुम्हाला चूल आहे, लेक नाही, असंही म्हणालो. ते चुलीतला जाळ मागे ओढत ऐकत राहिले. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही आणि त्या आठ दिवसांत माझ्या भांड्याच्या झाकणावर वरवंटा ठेवत गेलो. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला, झाकण उचललं, पाहिलं आणि वरवंटा परत जागेवर ठेवला. नवव्या दिवशी त्यांनी दारातूनच सांगितलं, "बोलाव त्याले. रोडगे करतो."

मला वाटलं, वाकले.

पाटील दोन भाऊ आणि दोन मानकरी घेऊन आले. मामांनी पहाटेच गोवऱ्या पेटवल्या होत्या. धूर पूर्ण जाऊन निखाऱ्यावर पांढरी राख धरेपर्यंत त्यांनी एकही रोडगा आत टाकला नाही, कारण धुरात टाकला तर कडू होतो. जाडं दळलेलं पीठ, घट्ट मळलेलं, पदर सुटतील असं तेल लावून वळलेलं. वरून तडा गेला की काढायचा, फडक्यानं राख झटकायची. वांग्याची भाजी, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. सगळं वेळेवर, सगळं गरम. मी मदतीला होतो. तूप वाढायला त्यांनी एक वाटी काढून ठेवली होती आणि तिच्यात एकच छोटी पळी. ती पळी पाहून मला कळलं की हा माणूस काही वाकलेला नाही. मी लेकीकडे पाहिलं. ती पळीकडे पाहत होती.

पाटलांनी हट्ट करून मामांनाही पंगतीला बसवलं. पत्रावळी मांडल्या, मी रोडगे वाढले, मामांनी बसल्या जागेवरून हात लांब करून शेजारच्या व्याह्यांच्या पानात एक पळी तूप घातलं. पाटलांनी रिवाजाप्रमाणे हात आडवा धरला, "बस." मामांनी पळी वाटीत ठेवली.

बाकीच्या पानांत मी एकेकच पळी वाढली. पाटील जेवायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. पहिल्या घासाला ते थांबले, दुसऱ्या घासाला त्यांनी भावाकडे पाहिलं, आणि मग तो माणूस तीन रोडगे जेवला. एका पळीत तीन. भाऊ चार जेवला. मामांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भाव आला तो पाहून मला त्यांना हातातला रोडगा फेकून मारावासा वाटला.

पाटलांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "व्याही, असा रोडगा म्या जनमात खाल्ला नाही," ते सावकाश म्हणाले. "हे मी खोटं नाही बोलणार. पण मी आलो तसाच कोरडा चाललो. गावात जाऊन काय सांगू मी? का रोडगा बरा होता?"

मामांनी तोंड उघडलं. ते काय बोलणार होते ते मला माहीत होतं, मला ते शब्दनशब्द पाठ होतं. पण त्याआधी मुलगी माजघरातून आली. डोक्यावरून पदर ओढलेला, हातात तुपाचा मोठा गडू. तिनं तो कधी निखाऱ्यावर ठेवला होता ते आम्हा कोणाला कळलं नव्हतं. ती सासऱ्याच्या पानापुढे वाकली. पाटलांनी हात आडवा धरला, "बस." तिनं धार सोडली. हातावरून, बोटांतून, पानात. "बस माय," पाटील म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता. तिनं धार थांबवली नाही. पानात उरलेला रोडगा बुडाला, तूप पत्रावळीच्या काठावरून जमिनीवर आलं. तशीच ती दोन्ही भावांच्या पानापुढे वाकली, मानकऱ्यांच्या पानापुढे वाकली. प्रत्येकानं बस म्हटलं आणि प्रत्येकाचा हात तिनं ओला केला.

पाटील आपला तुपकट हात वर धरून भावाला म्हणाले, "बैलं जुंपाले सांग. सुनेची पेटी गाडीत ठेव. दिवस हाय तवर निघू."

शेवटचं पान मामांचं होतं.

ती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. मामांनी हात आडवा धरला आणि म्हणाले, "बस." त्या पंगतीत तो शब्द खऱ्या अर्थानं म्हणणारा तो एकटाच माणूस होता, हे तिलाही ठाऊक होतं. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं बापाच्या हातावर धार सोडली.

तीन वर्षं मी त्या माणसाला नावं ठेवली. त्या दिवशी मला त्यांच्याकडे पाहवेना. मला वाटलं, ते उठतील. एका पळीपेक्षा जास्त तूप दिसलं म्हणून पूर्वी एकदा भरल्या पंगतीतून उठून गेलेला माणूस तो. ते उठले नाहीत. हातही काढला नाही. तूप बोटांवरून ओघळून त्यांच्या रोडग्यावर पडत राहिलं. थंडी अजून पुरती सरली नव्हती, तिनं घाईघाईत गरम केलेलं, त्यात अजून थिजलेल्या गुठळ्या होत्या. त्या त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत अडकल्या. त्यांनी त्यांतली एक अंगठ्यानं चिरडून पाहिली.

"पुढच्या खेपेस पुरतं पातळ करून घेत जाजो, माय," ते हळू आवाजात म्हणाले. "असं अर्धवट थिजलेलं रोडग्यात मुरत नाही."

मग त्यांनी तो रोडगा चुरला आणि सगळा खाल्ला.